बुरशीची गोडी, उन्हाची गोडी

खराडीच्या आयटी पार्कांच्या मागून मुळा-मुठा पूर्वेकडे जाते. नदी ओलांडली की मांजरी लागते आणि तिथे, सोलापूर रस्त्यालगत, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९९७ साली ते सुरू केलं. द्राक्षाच्या नव्या जाती, छाटणीचं वेळापत्रक, पाणी, खत, रोग या सगळ्यांवर तिथे काम चालतं. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश किती राहिले आहेत, हे तपासण्याच्या कामातली राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळाही तिथेच आहे. नदीच्या अलीकडे, खराडीच्या उंच इमारतींत राहणाऱ्या अनेक कुटुंबांची गावाकडची बाग नाशिक, सांगली, सोलापूर भागात आजही उभी आहे. घडावर बुरशी दिसली की घरात काय वातावरण होतं, हे त्यांना वेगळं सांगायला नको.

अशा वाचकांनी फ्रान्समधल्या सोतेर्न नावाच्या गोड वाईनची गोष्ट जरूर समजून घ्यावी. कारण आपला बागायतदार ज्या बुरशीपासून माल वाचवायला धडपडतो, तिचीच तिथला मालक दर शरद ऋतूत वाट पाहतो. बुरशी आली नाही, तर त्याची वाईनच होत नाही.

पेटीतला कागद

या बुरशीचं शास्त्रीय नाव बोट्रायटिस सिनेरिया. मराठीत तिला करडी बुरशी म्हणता येईल, कारण पिकलेल्या मण्यावर ती राखेच्या रंगाची लव धरते. आपल्या बागांत केवडा, म्हणजे डाऊनी, आणि भुरी यांच्याइतका तिचा बोलबाला नाही. ती जास्त छळते काढणीनंतर.

नाशिकच्या एखाद्या पॅकहाउसमध्ये निर्यातीची पेटी भरताना पाहा. घड एकेक करून पाउचमध्ये जातात, पाउच पेटीत बसतात आणि सर्वांत वर एक पातळ कागद ठेवला जातो. त्याला तिथे ग्रेप गार्ड म्हणतात. पेटीतल्या ओलाव्याशी संपर्क आला की त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू बाहेर पडतो. हा सगळा खटाटोप मुख्यतः करड्या बुरशीसाठी असतो. शीतगृहात तापमान शून्य अंशाच्या आसपास असतं, बहुतेक बुरश्या तिथे थंडावतात, पण ही तिथेही संथपणे वाढत राहते. जहाजाने युरोप गाठेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. तेवढ्यात एक मणी जरी तिने धरला, तरी शेजारचे मणी आणि मग अख्खा घड जायला वेळ लागत नाही.

हीच बुरशी फ्रान्सच्या एका कोपऱ्यात मात्र सोनं देऊन जाते. हा चमत्कार तिथल्या दोन नद्यांनी आणि तिथल्या ऋतुमानाने घडवून आणला आहे.

दोन नद्या आणि धुकं

बोर्दो शहराच्या आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटरवर सोतेर्नचा टापू आहे. सोतेर्न, बोम, फार्ग, प्रेन्याक आणि बार्साक ही पाच गावं मिळून तो बनतो. मोठी गारोन नदी इथून वाहते आणि सिरों नावाची छोटी नदी तिला येऊन मिळते. सिरों दाट झाडीतून, सावलीतून येते, त्यामुळे तिचं पाणी थंड असतं. गारोनचं पाणी त्यामानाने कोमट. शरदात ही दोन पाणी एकमेकांना भेटतात आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत बागांवर धुकं पसरतं. धुक्याच्या ओलाव्यात बुरशी जोर धरते. दुपारी ऊन पडतं, वारा सुटतो, मणी कोरडे होतात आणि बुरशीला लगाम बसतो.

सगळी मेख या दोन वेळांच्या तोलात आहे. दिवसभर ओल राहिली, तर बुरशी मणी फोडते, मागोमाग दुसरे जंतू शिरतात, रस आंबतो आणि माल फेकून द्यावा लागतो. हवा नुसतीच कोरडी राहिली, तर बुरशी येतच नाही. सकाळी ओल आणि दुपारी ऊन असं आठवडेच्या आठवडे चाललं, तरच फ्रेंच लोक जिला ‘उदात्त कूज’ म्हणतात ती अवस्था येते.

तेव्हा मण्यात नेमकं काय होतं? बुरशीचे सूक्ष्म तंतू पिकलेल्या मण्याच्या सालीत शिरतात आणि तिला असंख्य बारीक छिद्रं पडतात. मणी फुटत नाही, पण त्यातलं पाणी त्या छिद्रांवाटे उडून जायला लागतं. सोनेरी मण्यावर आधी ठिपके दिसतात, मग तो जांभळट तपकिरी होतो आणि शेवटी सुरकुतून बसतो. बुरशी स्वतःही थोडी साखर आणि आम्ल खाते. पण पाणी त्याहून कितीतरी जास्त जातं, त्यामुळे उरलेला रस दाट, गोड आणि तरीही आंबटसर राहतो. शिवाय ती ग्लिसरॉलसारखे पदार्थ तयार करते, त्यांमुळे वाईनला जिभेवर जाणवणारा मऊ जडपणा येतो.

सुगंधही बदलतो. जर्दाळू, मध, केशर, संत्र्याची साल अशा वासांनी या वाईनचं वर्णन केलं जातं. त्यामागच्या रसायनांपैकी एकाचं नाव सोटोलॉन. आपल्या मेथीच्या दाण्याचा जो खास वास, त्यातलं मुख्य द्रव्य हेच. जुन्या सोतेर्नचा वास घेताना मराठी माणसाला मेथीच्या लाडवाची आठवण झाली, तर तो भास मानायचं कारण नाही.

शातो दिकेम

सोतेर्नमध्ये नावाजलेल्या बागा बऱ्याच आहेत, पण त्यांच्या डोक्यावर एकच नाव आहे: शातो दिकेम. टापूतल्या उंच टेकडीवर तिची बाग आहे. द्राक्षवेलीखालचं क्षेत्र शंभर हेक्टरच्या थोडं वर. वेली दोन जातींच्या. सुमारे तीन चतुर्थांश सेमियों आणि बाकी सॉव्हिन्यों ब्लाँ. सेमियोंची साल पातळ, म्हणून बुरशी तिला लवकर धरते. सॉव्हिन्यों ब्लाँ आंबटपणा आणि ताजेपणा देते. जमिनीच्या वरच्या थरात खडे आणि रेती, खाली चिकणमाती. ती पाणी धरून ठेवते, म्हणून एकोणिसाव्या शतकात बागेखाली सुमारे शंभर किलोमीटर लांबीच्या निचऱ्याच्या नळ्या टाकल्या गेल्या. काळ्या जमिनीत चर काढून पाण्याची वाट करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला त्या खर्चाचं मोल लगेच कळेल.

सोव्हाज घराण्याकडे ही जमीन १५९३ साली आली. १७८५ मध्ये त्या घरातली फ्रान्स्वाज जोसेफीन हिचं काउंट ल्यूर-साल्यूस यांच्याशी लग्न झालं. तीनच वर्षांत, १७८८ मध्ये, तिचा नवरा वारला. तेव्हा ती जेमतेम विशीत होती. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, सरदार घराण्यांची मालमत्ता धोक्यात आली आणि खुद्द तिलाही तुरुंगवास घडला. तरी तिने बाग सोडली नाही. १८२६ मध्ये तिने वाईन साठवण्याची नवी वखार बांधली, देशोदेशी गिऱ्हाईक जोडलं आणि १८५१ मध्ये मृत्यू येईपर्यंत कारभार पाहिला. दिकेमची आजची प्रतिष्ठा ज्या पायावर उभी आहे, तो या बाईने घातला.

अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन १७८७ साली बोर्दोला आले होते. त्यांनी या बागेच्या १७८४ सालच्या वाईनच्या २५० बाटल्या मागवल्या आणि काही वर्षांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यासाठीही मागणी नोंदवली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाईनची प्रतवारी झाली, तेव्हा गोड वाईनमध्ये दिकेमसाठी सर्वांच्या वरचा स्वतंत्र वर्ग करण्यात आला आणि त्यात दुसरं कोणीही बसवलं गेलं नाही. २०११ मध्ये १८११ सालची एक बाटली ७५ हजार पौंडांना विकली गेली. पांढऱ्या वाईनच्या बाटलीला मिळालेली तोवरची ती सर्वांत मोठी किंमत होती. १९९९ मध्ये बागेची मालकी ल्यूर-साल्यूस घराण्याकडून एलव्हीएमएच या फ्रेंच उद्योगसमूहाकडे गेली. याच समूहाने २०१३ साली नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या द्राक्षांपासून फेसाळ वाईन काढून भारतात विकायला सुरुवात केली.

एका वेलीला एक पेला

बुरशी सगळ्या घडांना एका दिवशी धरत नाही. एकाच घडात काही मणी पक्के सुरकुतलेले, काही अर्धवट आणि काही अजून टणटणीत असतात. म्हणून दिकेमची तोडणी एका दमात उरकत नाही. तोडणारी माणसं सप्टेंबर-ऑक्टोबरपासून कधीकधी नोव्हेंबरपर्यंत त्याच ओळींतून पाच-सहा वेळा फिरतात आणि दर फेरीत तयार झालेलेच मणी काढतात. बाकीचे वेलीवर ठेवायचे आणि आभाळाकडे पाहत राहायचं. मध्येच आठ दिवस पाऊस लागला, तर उरलेला माल गेला.

तोडणीच्या वेळी रसात लिटरमागे साधारण ३६० ग्रॅम साखर भरते. यीस्ट ही साखर खाऊन अल्कोहोल बनवतं. एक टक्का अल्कोहोल व्हायला लिटरमागे अंदाजे १७ ग्रॅम साखर लागते. हिशेबाने सगळी साखर खपली, तर २१ टक्के अल्कोहोल व्हायला हवं. पण १४ टक्क्यांच्या आसपास यीस्ट थकतं, कारण आपणच बनवलेलं अल्कोहोल आणि एवढी दाट साखर ही दोन्ही त्याला सोसत नाहीत. तिथे वाईनवाले आंबवणं थांबवतात. लिटरमागे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास साखर उरते. सोतेर्नची गोडी ती हीच, मूळ फळाची. त्यानंतर वाईन ओकच्या नव्या पिंपांत दोन-अडीच वर्षं मुरते.

आता उत्पन्न पाहू. दिकेमला हेक्टरी जेमतेम ९०० लिटर वाईन मिळते. एकराच्या हिशेबात पाचशेहून कमी बाटल्या. एका वेलीमागे एक पेला. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षाची बाग एकरी दहा टन माल देते, त्या तुलनेत हा आकडा छातीत धस्स करणारा आहे. आणि एवढं करूनही वर्ष चांगलं गेलं नाही, तर दिकेमच्या नावाने एकही बाटली बाजारात जात नाही. १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या वर्षांची दिकेम जगात कुठेच मिळत नाही. शेकडो माणसांच्या वर्षभराच्या श्रमांवर त्या त्या वर्षी पाणी सोडलं गेलं, पण नावाला बट्टा लागू दिला नाही.

आपल्याकडे हे का होत नाही

महाराष्ट्रातल्या वाईनची आजची चाल १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला शामराव चौगुले यांनी फेसाळ वाईन करायला घेतली, तिथून सुरू होते. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाईन २००० साली आली. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि नाशिकच्या विंचूरला व सांगलीच्या पलूसला वाईन पार्क झाले. पुढे अकलूजला फ्रातेली ही वाईनरी उभी राहिली.

मग इतक्या बागा असूनही इथे सोतेर्न का होत नाही? उत्तर आपल्या छाटणीच्या वेळापत्रकात आहे. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो आणि शरदात पिकतो. म्हणजे फळ पक्व होतं तेव्हा हवा थंड आणि दमट होत चाललेली असते. आपला वेल असा झोपतच नाही. आपण त्याची एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतो आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये काढतो. फळ पिकायला लागतं तेव्हा थंडी सरत असते, हवा कोरडी असते आणि ऊन चढत असतं. इथे उशिरापर्यंत घड ठेवला, तर तो धुक्यात भिजत नाही, उन्हात सुकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ सारखा अवकाळी पाऊस आला, तर त्याने फळ सुधारत नाही. फुलोरा गळतो, केवडा पसरतो, मणी तडकतात.

त्यामुळे महाराष्ट्रातली गोड वाईन उन्हाच्या वाटेने आली. तिची ठळक उदाहरणं म्हणजे सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ आणि निफाडजवळच्या कुंदेवाडीतल्या रेव्हेइलोची त्याच जातीची वाईन. सुलाची ही वाईन ३७५ मिलिलीटरच्या अर्ध्या बाटलीत मिळते. शेनिन ब्लाँ ही मुळात फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली जात. घड नेहमीच्या काढणीनंतरही वेलीवर ठेवायचे, मणी थोडे सुकू द्यायचे, साखर चढू द्यायची आणि मग तोडायचे. आंबवताना हवी तेवढी साखर उरली की टाकी थंड करून, गाळून यीस्टचं काम थांबवायचं.

इथे खरी कसोटी आंबटपणाची असते. गोड वाईनला आम्लाचा आधार नसेल, तर ती पाकासारखी मिठ्ठ लागते. द्राक्षातलं मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने जळून जातं, आणि मार्चमधलं आपलं ऊन त्याला फार वेळ टिकू देत नाही. नाशिकचा टापू समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, तिथल्या रात्री गार असतात आणि शेनिन ब्लाँ आम्ल चिवटपणे धरून ठेवणारी जात आहे. या तिन्ही गोष्टी जुळतात, म्हणून नाशिकची गोड वाईन जिभेवर चिकट न होता उतरते. मात्र काढणी चार दिवस लांबली, तरी तोल जाऊ शकतो. तिथे वाईनवाल्याचा अनुभव लागतो.

मराठी घरांत गोड वाईन म्हटली की अजूनही गोव्याहून आणलेली पोर्ट आठवते. मूळ पोर्तुगीज पोर्टमध्ये आंबणाऱ्या रसात द्राक्षाचं मद्य ओततात, यीस्ट तिथेच मरतं आणि फळाची साखर शिल्लक राहते. आपल्याकडे पोर्ट म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त वाईनची गोडी मात्र वरून घातलेल्या साखरेची असते. तिची सवय असलेल्या जिभेला लेट हार्वेस्ट पहिल्या घोटात कमी गोड वाटेल. दुसऱ्या घोटाला त्यातलं फळ कळू लागतं.

तासगावचं ज्ञान

मणी सुकवून गोडी वाढवण्याची आणखी एक जुनी वाट आहे. इटलीत द्राक्षं तोडून चटयांवर, मांडण्यांवर वाळवतात आणि मग त्यांची वाईन करतात. व्हिन सांतो ही त्यांतली प्रसिद्ध. फ्रान्सच्या ज्युरा भागात हेच काम पेंढ्यावर करत. ऊन कुठलं, सावली कुठली, वारा कुठून घ्यायचा, मणी काळा न पडता किती दिवसांत किती सुकतो, या ज्ञानावर ती वाईन उभी आहे.

हे ज्ञान सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या बेदाणा उत्पादकांकडे पिढीजात आहे. शेडमधल्या जाळ्यांच्या थरांवर द्राक्ष पसरून त्याचा रंग राखत बेदाणा कसा करायचा, हे तिथल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. वाईनसाठी मणी बेदाण्याइतका सुकवायचा नसतो, अर्ध्या वाटेवर थांबवायचा असतो आणि बेदाण्याचं डिपिंग, म्हणजे सुकवण्याआधी द्राक्षं द्रावणात बुडवणं, टाळायचं असतं. तासगावचं सुकवणं, नाशिकची शेनिन ब्लाँ आणि मांजरीचं संशोधन एकत्र आलं, तर महाराष्ट्राची स्वतःची, उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची गोड वाईन होऊ शकते, असं मला मनापासून वाटतं. सोतेर्नची नक्कल करण्यापेक्षा ही वाट आपल्या हवेशी जास्त इमानी आहे.

दिकेमकडून घ्यायचं असेल तर बुरशी घेऊ नये. पाच-सहा फेऱ्यांतली निवड घ्यावी, आणि पडत्या वर्षी बाटलीवर आपलं नाव न घालण्याची हिंमत घ्यावी. नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्या मानांकनाला वजन येतं ते अशाच शिस्तीने.

वाचकांना एवढंच सांगणं. खराडीत किंवा कुठेही लेट हार्वेस्टची बाटली घेतलीत, तर ती दहा-बारा अंशांपर्यंत गार करा आणि छोट्या पेल्यात, साठ-सत्तर मिलिलीटरच घ्या. साखर आणि अल्कोहोल दोन्ही आहेत, तिला औषध समजू नका. सोबत श्रीखंड किंवा गुलाबजाम नको, त्यांपुढे वाईन फिकी पडते. खारवलेले काजू किंवा खारट चीज ठेवा. आणि लेबल नीट वाचा. द्राक्ष कुठल्या तालुक्यातलं, कुठल्या वर्षीचं, हे त्यावर नसेल तर दुकानदाराला विचारा, कंपनीला लिहा. गिऱ्हाईक विचारू लागलं की बागेत निवड करणाऱ्या शेतकऱ्यालाही त्याचा भाव मिळेल.